सहा आठवडे

"या गुडघ्यावर आता पुन्हा खेळता येणार नाही," डॉक्टर दुभाषी म्हणून आलेल्या कौमुदीला जपानीत म्हणाले. शेजारी नायजेरियाचा फुटबॉलपटू केलेची दोन्ही हातांनी गुडघा धरून बसला होता. आठ वर्षं जपानी क्लबकडून खेळत असूनही तपासणीला तो तिच्याशिवाय यायचा नाही. त्याची नजर तिच्या ओठांवर खिळली होती.

"सहा आठवडे विश्रांती घ्यायचीय फक्त," ती कशीबशी इंग्रजीत म्हणाली.

केलेचीने मान डोलावली. तिच्या हातावर हलकेच थोपटलं. मग तो स्वच्छ जपानीत म्हणाला, "कौमुदी-सान, तिकडे आई फोनची वाट बघतेय. तिलाही तुम्हीच सांगाल? अगदी असंच."