लाडू खाणारं भूत

"समोर नाही जाचं. मांगूनच बसू," ग्यानबा म्हणाला.

"आज तरी समोरून पाहू द्या नं," आवडाबाई म्हणाली. "साऱ्या बाया समोर बसून राह्यल्या. मीच एकटी चोरावानी मांगं."

"पिक्चर तोच, पडदा तोच. समोर बसल्यानं काय भूत तुले लाडू आणून देते?"

तंबूच्या दारावरचा मदनसिंग फिस्सकन हसला. ग्यानबानं त्याच्याकडं डोळे वटारले अन् बायकोले घेऊन तंबूच्या मांगच्या बाजूनं आत गेला.

दिवाळीच्या सुट्टीत मानोऱ्याच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीज आली होती. तंबूच्या मधात पांढरा पडदा. समोरचं तिकीट महाग, पडद्याच्या मांगचं स्वस्त. मांगूनही सारं दिसे. फक्त सुरवातीची नावं उलटी दिसत अन् पोट्टे त्याच्यावर खिदळत. आवडाबाईले काय त्याचं? सुलटी असती तरी तिले वाचता येत नव्हती.

पिक्चर भुताचा होता, पण हसवणारा. शहरातलं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत जुन्या बंगल्यात राहाले जाते. त्या घरच्या बाया पदर उजव्या खांद्यावर घेत. "शयरात तशीच तऱ्हा असन," आवडाबाई म्हणे. बंगल्यात एक भूत राहे. पीठ फासल्यावानी पांढरं तोंड, केस डोळ्यावर. ते कोणाले मारत नव्हतं, कोणाले धरत नव्हतं. नुसता फराळ खाऊन राह्यलं होतं. घरची म्हातारी देवापुढं लाडवाचं ताट ठेवते, भूत पडद्याआडून डावा हात काढते अन् लाडू उचलते. म्हातारी बोंबलते. तिच्या आवाजानं भूतच भिते अन् तोंडात लाडू घेऊन उताणं पडते.

इथी सारा तंबू हसून आडवा होये. आवडाबाई तेवढी पदर तोंडात घालून रडे.

तिचा गोविंदा डावखोरा होता. मांगच्याच्या मांगच्या दिवाळीत पंगतीत त्यानं डाव्या हातानं घास उचलला अन् ग्यानबानं साऱ्या पाव्हण्यांपुढं त्याच्या थोबाडात ठेवून देली. "उजवा हात काय वावरात पेरून आला का रे?" लोक हसले. पोट्टा भरल्या ताटावरून उठला, तो गेलाच. सिनेमाचा नाद होता त्याले, मुंबईले गेला असन, असं लोक म्हणत. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

तवापासून आवडाबाईनं सणाले कढई चढवली नव्हती. अर्धी भाकर खाये, अर्धी कुत्र्याले टाके. वांग्याच्या वाफ्यात निंदाले बसली का यष्टीच्या रस्त्याकडं पाहात राहे. हातातलं खुरपं हातातच. वाळून पार तुऱ्हाटी झाली होती.

मंग हा तंबू आला. त्याचे बांबू गाडाले ग्यानबा गेला होता. दुसऱ्या दिवशी तोच तिले हाताले धरून घेऊन आला. ती येत नव्हती, तरी आणलं.

लाडू आला अन् तिनं नवऱ्याचं मनगट धरलं. "अवो, हा आपला गोविंदा हाय!"

ग्यानबानं लय वेळ पडद्याकडं पाह्यलं. "हो. वाटते तं खरा," म्हणाला.

त्या रात्री तिनं घरी येऊन भाकर खाल्ली. पुरी खाल्ली. सकाळी बेसन भाजलं, लाडू वळले, केसाले तेल लावलं. साऱ्या आळीत सांगून आली. शेजारची पंचफुला म्हणाली, "बरं झालं वो माय! आता तुह्या घरी येताना लिंबू-मिरची घेऊन येईन, भुताची माय म्हून!" आवडाबाई हसली. पंचफुलाले आठवेना, ही आंधी कधी हसली होती.

रोज संध्याकाळी दोघं तंबूत येत. ग्यानबा कुरकुरे, पण आणे. समोर मात्र एक डाव बसू देल्लं नाही. कंजूस माणूस, असं मदनसिंगही म्हणे.

आज शेवटचा खेळ होता. मधातल्या सुट्टीत ग्यानबा बिडी ओढाले बाहेर गेला अन् पंचफुला धावत मांगं आली.

"ऊठ वो. आमी साऱ्या आज पयल्यांदा तुह्या पोराले पाहाले आलो अन् तू इथी? मदनसिंगले म्या सांगतलं, तो फुकट सोडते. चाल!"

आवडाबाई उठली. समोर बायांनी सरकून तिले मधात जागा देली. एकीनं लेकराले सांगतलं, "पाह्य, हे भुताची माय." आवडाबाईनं लुगडं सारखं केलं अन् ताठ बसली.

दिवे गेले. पडदा उजळला.

शहरातल्या त्या बायांचे पदर डाव्या खांद्यावर होते. तिच्यासारखेच. तिले जरासं इचित्र वाटलं. मंग म्हातारीनं ताट ठेवलं.

"आता पाहा," आवडाबाई बायांले म्हणाली. "आता पाहा त्याचा हात."

भुतानं पडद्याआडून हात काढला अन् लाडू उचलला. उजव्या हातानं.

तंबू हसला. पंचफुलाही हसली, मंग तिनं बाजूले पाह्यलं अन् हसू गिळलं. "अवो, डाव्या हाताचा म्हणत होती नं तू?"

भूत उताणं पडलं, परत उठलं, करंजीकडं उजवा हात नेला. आवडाबाई उठली. बायांच्या पायातून वाट काढत, पडद्याच्या काठानं मांगं गेली.

ग्यानबा परत येऊन बसला होता. तिच्या जागेवर त्यानं आपला दुपट्टा अंथरून ठेवला होता. ती दुपट्ट्यावर बसली. इथी भूत डाव्या हातानं करंजी खाऊन राह्यलं होतं.

"कुठी गेल्ती?"

"समोर."

पोट्टे हसत होते, ग्यानबा पडद्याकडं पाहात होता.

तिनं इचारलं, "तुमी समोरून कधी पाह्यला?"

"पयल्याच दिवशी," ग्यानबा म्हणाला. "बांबू गाडले म्हून फुकट बसवलं होतं."