ओहोटीची बाटली

"रुतली," होडीवाले धाकूकाका म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. "आता पानी चढंल तेव्हाच निघंल."

विनिताताईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग सर्वेशकडे. रंगाच्या कंपनीतला सर्वेश कारखानदारांच्या वतीने सही करायला आला होता. खाडीचं पाणी भराभर उतरत होतं आणि डोंबिवलीकडून येणारा नाला अगदी समोर खाडीला मिळत होता. ओहोटीच्या वेळी इथे फिरकायचं नाही, अशी त्याला कंपनीतल्या सुधीरसाहेबांची सक्त ताकीद होती.

कारखानदारांची संघटना आणि ताईंचं खाडी बचाव मंडळ मिळून दर महिन्याला पाणी तपासत. होडी संघटनेची, बाटल्या मंडळाच्या. सीलवर दोघांच्या सह्या, नाहीतर प्रयोगशाळा बाटलीला हात लावत नसे. कागदावर सगळं कसं गोडीगुलाबीचं! फक्त होडी निघायची ती ऐन भरतीला, समुद्राचं पाणी आत शिरून नाल्याची घाण पार पातळ झाली की. ओहोटीचा नमुना घ्या, घ्या म्हणून ताई थकल्या. संघटनेचं उत्तर ठरलेलं: ओहोटीला होडी रुतते. दोन वर्षं अहवाल झकास येत होते. येत्या बैठकीत त्यांच्याच जोरावर नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा प्रस्ताव बासनात गुंडाळला जाणार होता.

आज मात्र इंजिन दोनदा रुसलं. धाकूकाका खटपट करत बसले आणि भरती टळली.

तासाभरात नाल्याचं पाणी उघडं पडलं. गुलाबी. घशात खवखवणारा वास आला. सर्वेशने तो रंग लगेच ओळखला. न ओळखायला काय झालं? कंपनीत त्याच्या टेबलावरच्या, रंगांचे नमुने दाखवणाऱ्या शेडकार्डात तो तिसरा होता. होडी जागच्या जागी हलकेच डुलत होती.

ताईंनी वाकून बाटली भरली, बूच लावलं, सील चिकटवलं, आपली सही केली आणि पेन पुढे धरलं.

"तुझी सही, सर्वेश."

तीन वर्षं कंत्राटावर घासल्यावर सोमवारी त्याला कायम झाल्याचं पत्र मिळणार होतं. घरी, दिवा गावात, त्याच्या बायकोने, हेमांगीने शेजारपाजारी पेढेसुद्धा वाटून टाकले होते. नाही म्हटलं की झालं, बाटली निकामी. पण नाही म्हणायला तोंड उघडेना. ऑफिसात असता तर फोन आल्याचं निमित्त करून उठला असता. इथे उठून जाणार कुठे? तीन माणसं, एक बाटली आणि चहूकडे चिखल. त्याला रडायला येईल असं वाटलं.

"भरतीचं पानी दर्याचं, साहेब," धाकूकाका हळूच म्हणाले. "आमच्या वाट्याला येतं ते हे."

खिशातला फोन वाजू लागला. सुधीरसाहेब. सर्वेशने तो वाजू दिला. पेन घेतलं, सही केली, खाली तारीख आणि वेळही टाकली. मग फोन उचलला.

"सर, ओहोटीचाच नमुना घ्यावा लागला. हो, सही केली मी."

पलीकडचा आवाज ताईंनाही ऐकू आला. सर्वेशने तो संपेपर्यंत वाट पाहिली.

"काय करणार सर, ओहोटीला होडी रुतते. आपणच तर दोन वर्षं सांगतोय."

फोन कट झाला. सोमवारचं पत्र आता येत नाही, हे त्याला कळलं. ताई बाटली पेटीत ठेवत होत्या. तो धाकूकाकांच्या शेजारी सरकला.

"काका, आता उचला तो नांगर."

म्हातारा चपापला. "कदी बघितलात?"

"टाकलात तेव्हाच."