पायदांडी

"मी हाय तवर ही दांडी लागायची न्हाई," नाथाजी मिस्त्री म्हणाला आणि लालासाहेबांच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

रहिमतपुरातल्या त्या छोट्या कारखान्यात कडबा कापायची यंत्रं बनत. लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन परतले, तेव्हा नाथाजीलाच हाताशी धरून त्यांनी तो उभा केला. पण दोघांचं कधी पटलं नाही. नाथाजीनं उजवं म्हणावं आणि सुभेदारांनी डावं, हे गावाला पाठ होतं. मिस्त्रीनं मालकाला शिकवू नये, असं सुभेदार त्याला तोंडावर सुनावत.

मग सुभेदार पुण्याला एक कारखाना बघून आले. तिथं कामगारच नव्या गोष्टी सुचवत. झालं, सुभेदारांनी तेच मनावर घेतलं. दर शनिवारी यंत्रं थांबवून सगळ्यांना बसवायचं आणि विचारायचं, बोला, काय नवं करता येईल?

आधी सगळे मुकाट बसले. मग हळूहळू तोंडं उघडली. यंत्रांना रंग देणाऱ्या अंबूबाईनं पात्याला धार लावायची सोपी तऱ्हा सुचवली. आकारामनं चाक हलकं करायचं काढलं. बोलायच्या आधी प्रत्येक जण नाथाजीकडं बघे, आणि बोलून होताच नाथाजी खोडा घाली. असलं कुठं चालतंय व्हय, म्हणे. माणसं बिचारी दबून आहेत, हे सुभेदारांनी ओळखलं. मग ते मुद्दाम होकार देत. यंत्रं सुधारली. इस्लामपूर-कराडकडून मागणी वाढली. सुभेदारांना आपल्या माणसांचं भारी कौतुक वाटू लागलं.

एवढा खोडा घालूनही जेवणाच्या सुट्टीत सगळे नाथाजीच्याच भोवती भाकरीची फडकी सोडून बसत. भ्यात्यात त्याला, दुसरं काय, असं सुभेदार म्हणत.

पायदांडी कृष्णातनं सुचवली. कडबा सारताना हात आत ओढला गेला, तर पायानं ही दांडी दाबायची. ओढणारे रूळ जागीच थांबतील. असल्या यंत्रांनी आसपासच्या गावांत कितीतरी जणांची बोटं नेली होती. खुद्द नाथाजीच्या बायकोची, मनुबाईची, उजव्या हाताची बोटं गेल्या सुगीत गेली. सुभेदारांना दांडी पटली, पण यंत्र महागलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती होती. पुढच्या साली बघू, असं ते म्हणणार होते. तेवढ्यात नाथाजी उठला आणि दांडी लागू देणार नाही म्हणाला.

"घरात आसं घडूनबी?" सुभेदारांनी विचारलं. त्यांना त्या माणसाची शिसारी आली.

नाथाजीनं मान खाली घातली. "लावायचीच आसंल, तर आदी मला काढा."

"काढला," सुभेदार म्हणाले. "आन् ह्या हंगामापासनं दांडीबगर एकबी यंत्र भायेर जाणार न्हाई."

नाथाजीनं हत्यारं पुसली, जागच्या जागी ठेवली आणि तो घरी गेला. 

खंडेनवमीला पायदांडीचं पहिलं यंत्र पूजेला मांडलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. यंत्रापुढं नारळ फोडायचा मान मिस्त्रीचा असे. यंदा सुभेदारांनी नारळ कृष्णातपुढं धरला. ज्याची कल्पना त्याचा मान, म्हणाले.

कृष्णातनं हात पुढं केला नाही. अंबूबाईनं डोळ्याला पदर लावला.

"घे रं. लाजतोस काय?"

"न्हाई, सुभेदार. दांडी मिस्त्रींची हाय. पात्याची तऱ्हा, हलकं चाक, समदं त्यांचंच. जेवताना आमाला पढवायचे." कृष्णातनं नारळ मागं सारला. "म्हणायचे, तुमी बोला, मी न्हाई म्हणतो. मी न्हाई म्हटलं की सुभेदार व्हय म्हणत्यात."