चपला घालेपर्यंत

घास अडकतो ते डॉक्टरांना कसं सांगायचं, हे एसटीत सुनेनं कुसुमताईंकडून घोकून घेतलं होतं. पण दवाखान्यात त्या एकट्या आत गेल्या आणि भिंतीतल्या यंत्र-डॉक्टरांनी मवाळ आवाजात "काय होतंय मावशी?" असं विचारताच त्यांच्या तोंडून निघालं, "काही नाही हो, जरा गुडघे धरतात."

आवाजानं परत विचारलं, तरी त्या गुडघ्यांवरच राहिल्या. शेवटी भिंतीला हात जोडून बाहेर आल्या आणि सुनेच्या खांद्याचा आधार घेत चपलेत पाय घालू लागल्या.

"सांगायचं राहिलंच गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता भातसुद्धा पाण्यानं ढकलावा लागतो."

"मावशी, चपला राहू द्या." चपलांच्या फळीवरून तोच आवाज आला. "आत या. मला घाई नाही."

"इथंही तुमचा कान आहे होय?"

"दारावर तशी पाटी आहे. खरं दुखणं माणसं इथंच बोलतात. पूर्वी मला ते ऐकूच यायचं नाही."

तपासणीत अन्ननलिकेत गाठ सापडली; ती लहान होती, तोवरच काढली गेली. वर्षभरानं कुसुमताई तपासणीला आल्या, तेव्हा आधी फळीपाशीच बसल्या. डबा उघडून त्यांनी कोरड्या भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश चावला आणि पाण्याशिवाय गिळला.

"ऐकू आलं?"

"आलं," आवाज म्हणाला. "अजून एक घास घ्या मावशी. मला घाई नाही."