जळतंय का?

मेकन शहरातल्या परीक्षागृहात लॅटोन्या आईच्या केसांना सरळ करायचं क्रीम लावत होती. ब्यूटिशियनच्या परवान्यासाठी ही तिसरी खेप. आता नापास झाली तर सलूनमधली खुर्ची हातची जाणार. परीक्षेत क्रीम म्हणून साधं कंडिशनरच लावायचं, पण वागायचं खऱ्यासारखं. अचानक आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लॅटोन्यानं हात थांबवला. घाईत खऱ्या क्रीमचा डबा तर नाही ना उचलला?

“मम्मा, टाळू जळतेय का?”

आईनं नाही म्हणून मान हलवली. परीक्षक बाईंनी कागदावर खूण केली.

पास होऊन बाहेर आल्यावर लॅटोन्यानं विचारलं, “मग रडलीस कशाला गं?”

“तो प्रश्न विचारल्याशिवाय पास करतात होय, बावळट? तू साफ विसरलीस आणि मला तिथं बोलायची बंदी. मग तुझ्या डॅडीचा शेवटचा दिवस डोळ्यांपुढे आणला.”