दाट झाडीतली बंदूक

"हीपण नको," ओपल म्हणाली आणि तिनं बंदूक काउंटरवर परत ठेवली.

डॉयल कॉम्ब्सनं कपाळाला हात लावला. "ओपलबाई, नवरा निवडताना तरी इतकी पारख केली होतीस का?"

"तेव्हा दुकानात एकच माल होता."

डॉयल खो खो हसला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सशांच्या शिकारीचा हंगाम आज सकाळीच खुला झाला होता आणि डोंगरातले झाडून सगळे पुरुष काट्याकुट्यांत शिरले होते. काचांवर वाफ धरली होती. बाहेर कुणाच्या तरी गाडीत सशांमागं सोडायची बीगल कुत्री केकाटत होती.

ओपलचं हे तिसरं वर्ष. पानगळ लागली की ती येई, दाट झाडीत ससे मारायला बंदूक दाखव म्हणे, दहा हाताळी आणि एकही न घेता जाई. गावात त्याची थट्टा होई. पण जिनं जन्मात बार काढला नाही तिला बंदूक कशाला, हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा नवरा एस्टिल ब्लॅकबेरीच्या जाळीत मरून पडलेला सापडला होता. छातीत छर्रे. त्याची स्वतःची बंदूक गायब. त्या दिवशी त्याच खोऱ्यात शेजारचा हर्शेल कुत्री घेऊन फिरत होता, आणि कुंपणावरून त्या दोघांचं हाडवैर. सिद्ध काहीच झालं नाही. हर्शेल मोकळाच राहिला. क्षमा कर, असं पाद्रीबाबांनी सांगितलं तेव्हा ओपल म्हणाली होती, "करीन की. आधी कुणाला करायची ते तरी कळू दे."

डॉयल एस्टिलचा जिवलग. शवपेटीला खांदा देणारा, दर नाताळला ओपलकडे हॅम पोचवणारा. दोनदा त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "माझं एक काम राहिलंय. ते होऊ दे."

कोणतं काम, ते डॉयल समजून होता.

"ही बघ. बारा बोअर."

"जड आहे. उचलेस्तोवर ससा घरी जाऊन जेवेल."

"मग ही?"

"नळी केवढी लांब! वेलींत अडकेल."

"ही तर आखूड आहे ना, बाई!"

तिनं नळीच्या तोंडात करंगळी घातली. "तोंड आवळलेलं. जाळीत ससा पायाशी उठतो. इतक्या जवळून सगळे छर्रे एका जागी बसले, तर रश्श्यात काय केस घालू?"

"कुठं शिकलीस गं हे?"

"एस्टिल बडबडायचा. मी राजमा ढवळत ऐकायचे."

बोलताना तिची बोटं गळ्यातल्या मोत्यांच्या सरीशी चाळा करत होती. सर तिच्या आईची. त्यातला एक मोती नव्हता, तिथं नुसती गाठ मारली होती. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात एस्टिलनं तो न विचारता काढला होता, आणि कशासाठी ते कळल्यावर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. आठव्या दिवशी तिलाच हसू फुटलं होतं.

"आण ती सर, मोती बसवून देतो," डॉयल म्हणाला.

"राहू दे. आहे तिथं बरा आहे तो."

डॉयलनं कॉफी ओतली आणि पुढं वाकून आवाज खाली आणला. "नीट ऐक. कुत्र्यांच्या मागं धावायचं नाही. कुत्री सशाला पळवतात, ससा गोल फिरतो आणि जिथून उठला तिथंच परत येतो. आपण जागचं हलायचं नाही."

"हलतेय कुठं मी? तीन पानगळी झाल्या."

"शनिवारी तो हर्शेल खोऱ्यात एकटाच असतो. धुकं पडतं. झाडीत काही हललं, तर ससा काय आणि माणूस काय! चूक कुणाच्याही हातून होते. मी शपथेवर सांगेन, बाई नवखी होती म्हणून."

ओपलनं कप खाली ठेवला.

"तू सांगशील रे. पण हत्यार कुठंय? वीस बोअर, हलकी, आखूड नळी, तोंड साफ मोकळं. अख्ख्या केंटकीत अशी एक बंदूक नसावी? गेल्या आठवड्यात म्हणालास, आत एक आहे, पण विकायची नाही. थापच होती ना?"

"थाप? डॉयल कॉम्ब्स थाप मारतो?"

"म्हातारे झाले की मारतात सगळेच."

त्यानं कप बाजूला सारला. मग आतल्या खोलीत गेला आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल आणावं तसं, घेऊन आला.

"विकायची नाहीच. माझी स्वतःची आहे. दस्ता मी घडवला, नळी मी कापली. शनिवारपुरती देतो." त्याचा चेहरा नवरदेवासारखा लाल झाला होता. "तुझ्यासाठी म्हणून."

ओपलनं बंदूक खांद्याला लावली. ती अलगद बसली, जशी तिला तो खांदा माहीत असावा. तिनं एक डोळा मिटला आणि नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या पिवळसर पांढऱ्या माशीकडं, त्या इवल्या मण्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"माशी सुरेख आहे."

"हस्तिदंत असावा."

"असावा?"

"म्हणजे... आहे. हस्तिदंतच आहे. मीच नाही का बसवला!"

ओपलनं बंदूक हळूच काउंटरवर ठेवली. गळ्यातली सर काढली आणि गाठ बरोबर माशीशेजारी येईल अशी नळीवर ठेवली. तोच आकार. तोच पिवळसर रंग. माशीच्या कडेला दोऱ्याचं बारीक भोक. एस्टिलनं आपल्या बंदुकीला बसवलेला तिचा मोती.

तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली, फार मोठ्यानं नाही.

"ससा आला रे फिरून."

दार उघडलं, कुत्र्यांचा गलका आत शिरला, आणि टोपी हातात धरून हर्शेल बाजूला सरला, मागून येणाऱ्या शेरीफला वाट द्यायला.