दक्षिणेकडची काच

माझ्या बायकोकडे, वर्नाकडे, फार तर दोन महिने आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरी आल्या आल्या तिने स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीची काच काढायला घेतली.

"वेड लागलंय का? मोंटानाचा हिवाळा तोंडावर आलाय!" मी ओरडलो.

"म्हणूनच. तुझा खांदा गेलाय. माझ्यामागे गाईंच्या हौदातला बर्फ रोज कुऱ्हाडीने कोण फोडणार? पक्कड दे आणि गप्प बस."

तिने पत्र्याच्या हौदाभोवती लाकडी पेटी केली, मध्ये थर्माकोल भरला, हौदाची दक्षिणेची बाजू उघडी ठेवून काळी रंगवली आणि ऊन आत कोंडून राहावं म्हणून तिच्यापुढे ती काच बसवली. वर गाईला तोंड घालण्यापुरती जागा ठेवली.

शेजारचा डेलमार हसला. "काय वर्नाबाई, गाईंना टीव्ही घेतला का?"

"जानेवारीत ये बघायला," ती म्हणाली.

जानेवारीत तो आला, तेव्हा ती नव्हती. पारा उणे तीसवर होता, म्हणून तो माझ्यासाठी कुऱ्हाड घेऊनच आला होता. गाई पाणी पीत होत्या. त्याने हातमोजा काढून पाण्यात बोट बुडवलं आणि कुऱ्हाड गाडीत ठेवून आला.

आत कॉफी पिताना त्याने खिडकीवर ठोकलेल्या फळीकडे पाहिलं. "नवी काच आणून देऊ? अंधारात किती दिवस बसशील?"

"असू दे. कॉफी अंधारातही पिता येते."

मार्च संपत आला. हौद एकदाही गोठला नाही. खिडकीला काच बसवायची अजून राहिली आहे.